घसा बसल्याचं निमित्त

"म्हणजे आता कुणालाच विषाची सुई देणार नाहीत?" केळीच्या पानात नारळीभात गुंडाळत फेलीनं विचारलं. रेडिओ तेच सांगत होता. देशातून मृत्युदंड उठला होता.

"नाही देणार," तिची सासू लुमिंग म्हणाली.

"मग काय, मजाच खुन्यांची. मारा माणसं आणि फुकटचं गिळा तुरुंगात."

"तांदूळवाल्या कार्योला भोसकायला दोघं गेले होते, फेली. मेयरच्या पुतण्याला मनिलाहून वकील आला, आज तो झुंजीचे कोंबडे पाळतोय. दुसरा दामियान, त्याची आई लोकांची धुणी धुते. सुई कुणाला मिळाली?"

"तेव्हा तर तुम्हीच म्हणायचात की असल्याला जिवंत ठेवूच नये."

सून खोटं बोलत नव्हती, आणि तेच लुमिंगला झोंबलं.

गावात कुणी गेलं की नऊ दिवस त्याच्या घरी प्रार्थना चालते, आणि ती चालवायला लुमिंगच लागते. ओळ तिनं म्हणायची, जमलेल्यांनी मागून उत्तर द्यायचं. दारुडा असो की सावकार, तिनं कुणाचीच प्रार्थना चुकवली नव्हती. एक दामियान सोडून. त्याचं प्रेत तुरुंगातून घरी आलं तेव्हा त्याची आई सेबिया फाटकाशी येऊन उभी राहिली होती. लुमिंगनं खिडकीतूनच सांगितलं, "घसा बसलाय गं." आणि त्याच संध्याकाळी मारियामातेला फुलं वाहताना चॅपलमध्ये ती असं काही गायली, की सेबियाच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल. मेली थापसुद्धा धड मारता आली नाही! लुमिंग गेली नाही म्हणून मग गावातलंही कुणी गेलं नाही.

त्याला सात वर्षं झाली. सेबिया वाटेत भेटली की अजून विचारते, "घसा बरा आहे ना?" तो टोमणा असतो की विचारपूस, लुमिंगला आजवर कळलेलं नाही. उत्तर देताना तिची मान मात्र खाली जाते.

"सरकारला लाज वाटली म्हणायची," ती पुटपुटली. चार गरम पुड्या फडक्यात बांधून, जपमाळ घेऊन ती भर दुपारी निघाली.

सेबिया मागच्या अंगणात चादर पिळत होती.

"दामियानची प्रार्थना राहिलीय माझ्याकडून," लुमिंग म्हणाली. "घसा बसला नव्हता गं माझा तेव्हा."

"माहितीय. ऐकलं होतं मी." सेबियानं चादर दोरीवर टाकली. "पण प्रार्थना राहिली नाही. दरवर्षी त्याच्या दिवसाला मी म्हणते."

"तुला कुठं येत होती?"

"नव्हतीच येत. तू लोकांकडे म्हणायचीस ना, तेव्हा कुंपणाबाहेर उभी राहायचे. ऐकून ऐकून झाली पाठ."

"आणि उत्तर कोण देतं?"

"कोण देणार? मीच ओळ म्हणते, मीच उत्तर देते." ती चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. "त्यानं खून केला, मी नाही कुठं म्हणते? कार्योच्या बायकोसमोर अजून मान वर होत नाही माझी. पण मेल्यावर तरी कुणीतरी मागून म्हणायला हवं होतं."

लुमिंगला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आज मी म्हणते," ती कशीबशी म्हणाली.

"नको." सेबियानं हात पुसले. "मी म्हणते. तू मागून म्हण."

आत दामियानचा शाळेतला फोटो होता. सेबियानं मेणबत्ती लावली आणि पुढे बसली. लुमिंग मागे बसली. गावात कुणाच्याच घरी ती आजवर मागे बसली नव्हती.

तिसऱ्याच ओळीला सेबिया चुकली. कुंपणाबाहेरून अर्धवट ऐकलेले शब्द तिनं आपल्या मनानं जोडले होते. सुधारायची सवय लुमिंगच्या जिभेवर आली. तिनं ती गिळली. आता फक्त उत्तर द्यायचं होतं, 'त्याच्यावर दया कर.' तीनच शब्द. पण या वेळी घसा खरोखरच बसला.

सेबिया थांबली. मागे वळून पाहिलं नाही.

"सावकाश," ती म्हणाली, आणि तीच ओळ, तशीच चुकीची, पुन्हा म्हणून उत्तराची वाट बघत बसली.