फटफटी सापडली, बन्सी नाही

एस.टी.च्या कंडक्टरने खर्ड्याच्या थांब्यावर निरोप टाकला होता, पण तो मनकर्णेपर्यंत यायला दुपार झाली. जामखेडच्या पुढे, नगरच्या रस्त्याला, एका ओढ्यात फटफटी पडली आहे, बन्सीचीच असावी. माणूस जवळ कुणी नाही.

बन्सी तिचा नवरा. विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. त्या वर्षीच्या दुष्काळात बहुतेक विहिरी आटल्या होत्या, पण ज्या दोन-चार तग धरून होत्या त्यांच्यावर सगळ्या गावाची तहान होती. त्यांतल्याच एकीचं इंजिन बसलं, म्हणून सामान आणायला तो आदल्या दिवशी नगरला गेला होता. रात्री परतला नाही, तेव्हा सामान मिळालं नसेल, मुक्काम पडला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. निरोप ऐकला आणि ती हातातलं काम टाकून भावकीत धावली.

भावकीतल्या श्रीमंत नावाच्या दिराचा टेम्पो होता. तो पाण्याची पिपं वाहायचा. त्याने पिपं उतरवली, दोर तेवढे ठेवले.

"वैनी, तुमी घरीच ऱ्हा. मी बगून येतो."

"भावजी, मी घरात बसून काय करू?" असं म्हणून पोरांना जावेकडे सोपवून ती टेम्पोत चढलीसुद्धा.

ओढा कोरडा ठाक होता. फटफटी दगडांत आडवी पडलेली, हँडल वाकडं झालेलं, पेट्रोलचा वास सुटलेला. जवळच बन्सीचा एक जोडा होता. मनकर्णेने तो उचलला, झटकला आणि ओच्यात घेतला. मग ती वाळूत रक्त शोधू लागली. नको दिसू दे, असं म्हणत शोधत होती. एका दगडावर काळपट डाग होता. तो रक्ताचा की ऑइलचा हे तिने श्रीमंतला विचारलं नाही, आणि त्यानेही तिकडे पाहिलं नाही.

वरच्या रस्त्यावर दुष्काळी कामाच्या बाया खडी फोडत होत्या. त्यांतली राहीबाई म्हणाली, "आमी सकाळी आलो तवा ही अशीच पडल्याली. मानूस न्हवता, बाई. समदा ओढा हिंडलो आमी."

श्रीमंतने टेम्पो उलटा लावला, दोर फटफटीच्या चौकटीला बांधला आणि हळूहळू ओढायला लागला. बाया मागून रेटा देत होत्या. एकदा दोर सटकला आणि फटफटी घरंगळत पुन्हा खाली गेली. तो आवाज ऐकून मनकर्णेने डोळे गच्च मिटले. काल ती अशीच गेली असेल, आणि तो वर बसलेला. दुसऱ्या खेपेला मात्र वर आली. टेम्पो बांधाला भिडवून तिला आत ढकललं, दोन्ही बाजूंनी दोर आवळले. तरी वाकड्या हँडलामुळे ती कलत होती, म्हणून मनकर्णा मागे बसली आणि दोन्ही हातांनी तिला धरून राहिली.

जामखेडला दवाखान्यात चौकशी केली. असा कुणी आलेला नव्हता. पोलिसांकडे जायच्या आधी श्रीमंत स्टँडपाशी थांबला आणि हॉटेलातून तिच्यासाठी पाणी आणायला गेला. मनकर्णा मागेच बसून होती. तेवढ्यात एक पोक्त माणूस, अंगात खाकी सदरा, टेम्पोपाशी आला. पुढे गेला, पुन्हा फिरला. फटफटीकडे बघत राहिला.

"ही कुनाची हो?" त्याने हळूच विचारलं.

"माझ्या मालकांची."

तो जायला निघाला. चार पावलं गेलाही. मग थांबला आणि खाली मान घालून परत आला. आसाराम त्याचं नाव, ट्रक चालवायचा. "बाई, काल सांच्याला एक मानूस सरपटत वर येऊन रस्त्याकडंला पडला हुता. ही खाली ओढ्यात दिसली. मी नगरलाच निगालो हुतो, त्याला ट्रकात घालून तिथल्या सरकारी दवाखान्यात नेला."

मनकर्णा टेम्पोच्या कडेपर्यंत सरकली. ती म्हणाली, "बोलत हुते का?"

"न्हाई. पर श्वास चालू हुता."

पाणी घेऊन आलेल्या श्रीमंतने हे ऐकलं आणि आसारामचं मनगटच धरलं. "नाव-गाव न सांगता टाकून आलास? तूच उडीवलं असशील. चल चौकीत."

"मी न्हाई उडीवलं. पर कोन इस्वास ठिवनार? म्हनून वऱ्हांड्यात ठिवला, आत सांगितलं, आन निगालो." आसाराम मनगट सोडवू बघत होता.

"सोडा त्यांना, भावजी," मनकर्णा म्हणाली. "ते बोलले नसते तर आपन इथंच हिंडत बसलो असतो. नगरला चला."

"फटफटी उतरवून ठिवू?"

"न्हाई. तेवढा येळ न्हाई."

नगरच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला फटफटी अंगावर येत होती. हँडलाच्या दांडीने मनकर्णेचा तळहात सोलला, पण तिला ते कळलं नाही. श्वास चालू हुता. हुता. काल हुता. तो शब्द ती मनात उलटासुलटा करत राहिली. कडा गावाच्या पुढे दिवस कलला. मागे पळणारा रस्ता तिला दिसत होता, पुढचा दिसत नव्हता, आणि तेच बरं वाटत होतं.

दवाखान्यात नर्सने खूण विचारली. मनकर्णेने ओच्यातला जोडा पुढे केला. नर्सने तो पाहिला, "याच्या जोडीचा आहे इथं," म्हणाली आणि पुढे चालू लागली. मोठ्या खोलीत कोपऱ्यातली खाट. डोक्याला पट्टी, एक पाय लाकडी फळीला बांधलेला, ओठ सुजलेले. डोळे मिटलेले.

ती पायथ्याशी उभी राहिली. पांघरूण वर-खाली होताना दिसलं, तेव्हा कुठे तिने खाटेची कड धरली.

"दुपारी शुद्धीवर आले," नर्स म्हणाली. "नाव धड सांगता येईना. आजची रात्र जपायची."

मनकर्णेने त्याच्या कानाशी वाकून हाक मारली. पहिल्या हाकेला तो हलला नाही. दुसऱ्या हाकेला त्याने एक डोळा उघडला आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा.

"मनू," तो म्हणाला. "पानी."

नर्सने वाटी आणि चमचा दिला. घोटभर नको, चमच्यानेच, असं बजावलं. मनकर्णेने चमचा भरला. पहिला चमचा उशीवर सांडला. दुसरा तिने नीट त्याच्या ओठांशी लावला.