माझे चार कोपरे

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे, असं म्हणायला आता माझ्यात फारसा 'मी' उरलेला नाही. हरभऱ्याचा एक दाणा घ्या, त्याला जरा काळपट करा, की झालो मी. पण एके काळी माझे चारही कोपरे टोकदार होते आणि त्याचा मला कोण माज होता! ते कोपरे कुठे गेले, ते आज तुम्हाला सांगतो.

कारखान्यात मी आधी नुसता चिकट गोळा होतो. मला मळलं, लाटलं, भट्टीत शिजवलं आणि पात्याखाली सरकवून माझे तुकडे पाडले. अंगात निळं कागदी जाकीट चढवलं. मग दुकानाच्या काचेत बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे ऐटीत बघत राहिलो. माझी स्वप्नं मोठी होती. चित्रकाराकडे जाईन, नकाशे काढणाऱ्याकडे जाईन, असं काहीबाही. गेलो कुठे? आगीच्या बंबांच्या ठाण्यात.

मला विकत घेतलं आप्पांनी. आप्पा म्हणजे ठाण्यातले सगळ्यात जुने जवान. शिडीवर पहिला पाय त्यांचाच. मला घेतलं मात्र स्वतःसाठी नाही, पंडितसाठी.

हा पंडित म्हणजे बंबाचा ड्रायव्हर. आगीचा फोन येईपर्यंत ठाण्यात वाट बघत बसायचं असतं. कुणी कॅरम खेळतं, कुणी घोरतं. पंडित पेपरातलं शब्दकोडं सोडवायचा. साधंसुधं नव्हे, गूढ शब्दकोडं. ज्यात सरळ काही विचारतच नाहीत आणि वाक्य वाचून माणसाला वाटतं, छापणारा झोपेत होता. पंडित ते पेनानं भरायचा आणि तेही चहा गार व्हायच्या आत! कुणी विचारलं, तर पेपराची घडी घालत म्हणायचा, आज सोपं होतं. म्हणून तर त्याला पंडित म्हणायचे.

आप्पांनी पेन्सिल आणि मला त्याच्यापुढे ठेवलं. म्हणाले, "पेनानं लिहितोस. चुकलास तर?"

"आप्पा, मी चुकतो कुठे?" पंडित म्हणाला.

आणि खरंच सांगतो, तो चुकायचाच नाही. कारण तो सोडवायचाच नाही! मी जवळून पाहिलंय ना. तीन चौकटी असल्या की 'बादली' लिहायचा, नाहीतर 'मेहुणा'. चौकट उरली की 'ढ' टाकायचा. आडवं उभ्याशी जुळतंय का, कोण बघतो? दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून यायची, पण तोवर कालचा पेपर बंबाची काच पुसून कचऱ्यात गेलेला असायचा.

मला काय काम मिळालं माहितीये? ड्रायव्हरच्या बाजूची काच खडखडायची, तिच्या फटीत मला कोंबलं. वर्षानुवर्षं मी तिथे. ऊन खाल्लं, धूर खाल्ला, जाकीट फाटलं. पण कोपरे शाबूत! मी मनाशी म्हणायचो, बघा, किती जपलंय मला.

मग एका गोदामाच्या आगीत शिडीचा पाय सरकला आणि आप्पा खाली आले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. पाय बरा होईल, पण रोज थोडं उठून बसायला हवं, चालायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. आप्पांनी मात्र दवाखान्याच्या खाटेवर भिंतीकडे तोंड केलं, ते केलंच. भेटायला येऊ नका, असा निरोपही ठाण्यात धाडला.

काही दिवसांनी त्यांची बायको ठाण्यात आली. ती थेट बंबापाशी उभी राहिली, माझ्या खिडकीखालीच.

"भाऊजी, हे कुणाशी बोलत नाहीत. जेवायला लावलं तर अर्धं टाकतात. काल एवढंच म्हणाले, पंडितला सांग, ते कोडं घेऊन ये आणि कसं सोडवतात ते मला समजावून दे. पडून पडून डोक्याला गंज चढतोय म्हणे."

पंडितच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की मला वाटलं, कुणी तिथे खोडरबरच फिरवला! येतो की वहिनी, म्हणाला खरा. पण दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः जायचं सोडून बिस्किटांचा पुडा धाडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सफरचंदं. वहिनीनं दोन्ही परत पाठवली आणि बरोबर निरोप दिला, दुकान इथेही आहे.

त्या दुपारी पंडितनं बंब धुतला, ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि दार लावून घेतलं. मांडीवर कालचा पेपर आणि आजचा. कालच्यात कोडं, आजच्यात त्याचं उत्तर. त्यानं ठरवलं होतं, उत्तर हातात धरून उलटं चालायचं. म्हणजे हेच उत्तर का आलं, ते शोधायचं.

पहिली ओळ होती, 'आईच्या आईपुढे जंगल, तेही जन्मभर'. चार अक्षरं. छापलेलं उत्तर, आजीवन. पंडित त्या ओळीकडे बघत बसला. ओठ हलत होते. कपाळाला आठ्या पडल्या. पेपर उलटा धरूनसुद्धा पाहिला. सोडेल, असं मला वाटलं. नाही सोडलं. बऱ्याच वेळानं एकदम ओरडला, आईची आई म्हणजे आजी! जंगल म्हणजे वन! आजी अधिक वन, आजीवन. जन्मभर! आणि त्या आनंदात त्यानं स्टिअरिंगवर असा हात मारला, की हॉर्न कोकलला. सगळं ठाणं एका पायात बूट घालून बाहेर धावलं. पंडित शांतपणे म्हणाला, हॉर्न तपासत होतो.

मग मात्र गडी पेटला. ओळीचे दोन भाग असतात, हे त्याला उमगलं. एक भाग अर्थ सांगतो, दुसऱ्यात अक्षरांची खटपट असते. पुढेपुढे तो उत्तर झाकून सोडवायला लागला. आणि तेव्हा त्याला माझी आठवण झाली. फटीतून उपटून काढलं, शर्टाला पुसलं आणि खरखर घासलं. माझा पहिला कोपरा गेला 'टपाल उलट फिरलं, ते दरीच्या तोंडाशी आलं' या ओळीच्या दोन अक्षरी उत्तरावर. पाच वेळा लिहिलं, पाच वेळा खोडलं. सहाव्यांदा टपालाची डाक झाली, डाक उलटी फिरली आणि कडा सापडला. मी विव्हळलो. एवढी वर्षं जपलेला कोपरा! खिडकी पुन्हा खडखडायला लागली, पण पंडितला ऐकू येत होतं कुठे?

अखेर कालचं कोडं पाठ करून तो दवाखान्यात गेला. खिशात पेन्सिल आणि मी. आप्पा भिंतीकडे तोंड करूनच होते. वहिनी उशाशी. पंडित त्यांच्या पाठीला समजावत राहिला. आजीवन झालं, कडा झाला. अर्थ एकीकडे, खटपट दुसरीकडे. शेजारच्या खाटांवरचे दोघं कान देऊन ऐकायला लागले. पंडित रंगात आला.

भिंतीकडून आवाज आला, "हे कालचं आहे. आजचं काढ."

आली का पंचाईत! आजचं उत्तर छापून यायचं होतं उद्या. पंडितनं आजचा पेपर उघडला आणि पहिली ओळ वाचली, 'भर महासागरात उभं असलेलं झाड'. दोन अक्षरं. सोपं होतं की! त्यानं झोकात लिहिलं, माड.

"कसं?" आप्पांनी विचारलं.

"समुद्र आणि झाड. माडच की."

"दोन भाग असतात म्हणालास. झाड हा अर्थ. मग खटपट कुठाय? आणि माड असतो काठावर. इथे भर महासागरात म्हटलंय."

आप्पा सोडून खोलीतले सगळे पंडितकडे बघत होते. त्याच्याकडे जुनी युक्ती होती. घडी घालायची आणि म्हणायचं, तुम्हाला नाही कळायचं, आप्पा. पेन असतं तर त्यानं तेच केलं असतं, पैज लावतो. त्याची बोटं घडीपर्यंत गेलीसुद्धा. तिथून ती परत फिरली आणि खिशात शिरली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आणि त्यानं मला काढून माड खोडला.

काय सांगू मित्रांनो, तेवढ्या दोन अक्षरांसाठी मी जन्मभर कोपरे सांभाळले असावेत.

खाट करकरली. आप्पा कूस बदलत होते. दुखत होतं, दात आवळले होते, पण वळले. कोपरावर भार देऊन उठून बसले. वहिनी आधाराला पुढे झाली, तिला त्यांनी मानेनंच थांबवलं. पेपर ओढून घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागले. म, हा, सा, ग, र. बोट मागे आलं. दोन अक्षरांवर थांबलं.

"साग," आप्पा म्हणाले. "महासागराच्या पोटातच उभाय की, लेका."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. पंडित मला खिशात टाकायला निघाला, तर आप्पांनी हात पुढे केला.

"तो रबर इथेच ठेव. मला लागणार आहे."

लागला तर! उरलेले तीन कोपरे त्या खाटेवर गेले. आप्पा बसून कोडं सोडवायला लागले, मग खुर्चीत, मग कुबडी घेऊन व्हरांड्यात. एका ओळीसाठी एक फेरी, असा त्यांनी पायाशी हट्टच धरला होता. ओळ सुटली नाही तर दुसरी फेरी. आता ते ठाण्यात फोनवर बसतात. कुबडी टेबलाला टेकवलेली, समोर पेपर, शेजारी पंडित. दोघं भांडत सोडवतात. समजावता आलं नाही, तर बरोबर उत्तरसुद्धा खोडायचं, असा त्यांचा नियम आहे.

परवा आप्पांनी टोमणा मारलाच, "पंडित, पूर्वी तुझं चहा गार व्हायच्या आत पुरं व्हायचं. आता दोन-दोन दिवस लागतात. म्हातारा झालास काय?"

"नाही हो आप्पा," पंडित म्हणाला, "आता वाचून सोडवतो."

आप्पा इतके हसले, की कुबडी खाली पडली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. ऐका त्यांचं. पण तुमच्या कंपासपेटीत माझा एखादा भाऊ चारही कोपरे शाबूत ठेवून पडला असेल, तर त्याच्यावर दया करा. काहीतरी अवघड लिहायला घ्या, चुका आणि त्याला बाहेर काढा. मला आता जायला हवं. आप्पांनी चौथ्या ओळीत चुकीचं लिहिलंय आणि त्यांचा हात मलाच शोधतोय.