दाढेपाशी दाबलेला ब्रेक

घिताच्या सायकलीचा हेवा वाटला असता तर ते खपून गेलं असतं. सायकल महागडी होती, फेस शहरातून आली होती, आणि शहरातल्या पैसेवाल्यांवर जळणं हा डोंगरातल्या अझरू गावात काही गुन्हा नाही. सकाळच्या चहाबरोबर सगळेच थोडं थोडं जळून घेतात. पण इत्तो जळत होती घिताच्या पायांवर. पाय विकत मिळत नाहीत, हप्त्यानेसुद्धा नाही.

इत्तो पोस्टात खिडकीमागे बसायची. वय अडतीस. दिवसभर लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारायचे, संध्याकाळी डांबरी घाटात दोन तास चढ मारायचा आणि रविवारी देवदारांच्या रानात उतार. नऊ वर्षं हेच. डोंगरी सायकलच्या हौशी बायकांच्या शर्यतींत ती सलग तीन हंगाम दुसरी आली होती. तिसरी आलेली बाई खुशीत घरी जाते, दुसरीला झोप लागत नाही. तिन्ही वेळा पहिली आलेली मेक्नेसची बाई यंदा बाळंतपणामुळे उतरणार नव्हती. म्हणजे हंगामात पहिल्या येणारीला मिळते ती हिरवी जर्सी इत्तोचीच. तिच्या नवऱ्याने, हद्दूने, ती टांगायला भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

आणि फेब्रुवारीत घिता आली. दातांची डॉक्टर, बत्तीस वर्षांची, मशिदीमागच्या गल्लीत नवा दवाखाना. पहिल्याच रविवारी क्लबात येऊन म्हणाली, "मला चढ येतो. उतार येत नाही."

क्लब म्हणजे दा बास्सू. जंगलखात्यातून निवृत्त झालेला वनरक्षक, दोन्ही गुडघे गेलेले, बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी आणि गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ. तो गावच्या सगळ्या सायकलवाल्यांचा गुरू. त्याने घिताला झऱ्यापासून वरच्या कुरणापर्यंतचा चढ मारायला सांगितला. ती वर पोचली. दा बास्सूने घड्याळ बघितलं. मग पुन्हा एकदा बघितलं.

इत्तोने ते दोन्ही वेळा मोजलं. दा बास्सूने घड्याळ दोनदा बघणं नऊ वर्षांत तिच्या वाट्याला एकदा आलं होतं. एकदाच. तो दिवस तिने तारखेसकट जपून ठेवला होता.

"इत्तो," दा बास्सू म्हणाला, "हिला उतार तू शिकव."

"मी का?"

"मी काय उसने गुडघे आणू? आणि ह्या डोंगरात तुझ्यासारखा उतार दुसरं कोण मारतं?"

कडू औषधावर साखर लावतात, तसं ते कौतुक. तिने गिळलं.

अझरूत उतार शिकवायची रीत एकच. शिकवणारीने पुढे जायचं, शिकणारीने एक सायकलभर अंतर ठेवून मागे. नजर पुढच्या सायकलीच्या मागल्या चाकावर. ते वळेल तिथे वळायचं, ते मंदावेल तिथे ब्रेक दाबायचा. मध्ये बोलणं नाही, थांबून समजावणं नाही. बोललेलं डोक्यात जातं आणि उतारावर डोकं सगळ्यात उशिरा पोचतं, असं दा बास्सूचं म्हणणं. इत्तोही त्याच्या चाकामागे अशीच शिकली होती.

शर्यतीच्या वाटेवर, उतार संपतो तिथे, एक दगड आहे. वर दोन टोकं, मध्ये खळगा. त्याला सगळे म्हातारीची दाढ म्हणतात. दाढेला उजवीकडून घासून जायचं आणि ब्रेकला हात लावायचा नाही. बघताना वाटतं, मेलोच. पण लगेच पुढे चाळीस पावलांचा उभा चढ आहे, आणि दाढेवरून वेगात सुटलं तर तो चढ फुकट मिळतो, पॅडल न मारता माणूस वर. ब्रेक दाबला तर वेग मेला. मग गियर उतरवा, धापा टाका, ओढत न्या सायकल. एका फेरीला सात-आठ सेकंद तिथेच गेले.

मार्चमधल्या त्या पहिल्या रविवारी इत्तोने काही ठरवलं नव्हतं. हे ती नंतर स्वतःला शपथेवर सांगायची. वाटेच्या कडेला अजून बर्फ होतं. मागून घिताचा श्वास ऐकू येत होता. शांत श्वास, एवढा चढ मारून आलेल्या बाईचा असू नये इतका शांत. दाढ दिसली आणि इत्तोच्या दोन बोटांनी ब्रेक दाबला. मागे घितानेही दाबला. दोघी धापा टाकत चाळीस पावलं वर चढल्या.

"इथे दाबायचाच का, लल्ला इत्तो?" घिताने वर आल्यावर विचारलं. मोठ्या बाईला तिकडे मानाने लल्ला म्हणतात.

"दात प्यारे असतील तर."

घिता हसली. "माझ्या धंद्यावर येऊ नका."

आता ह्याला काय म्हणायचं? इत्तोने ह्याला सावधपणा म्हटलं. नवखी बाई आहे, पडली-बिडली तर दा बास्सू कोणाला बोलेल? दुसऱ्या रविवारीही ती असंच म्हणाली. तिसऱ्या रविवारी ती काहीच म्हणाली नाही, नुसता ब्रेक दाबला. बाकी सगळा उतार तिने खरा शिकवला. देवदाराच्या मुळांवर वजन कुठे टाकायचं, मेंढरांनी तुडवलेल्या भुसभुशीत मातीत पुढचं चाक हलकं कसं ठेवायचं, सगळं. फक्त दाढेपाशी खोटं बोलली. तेही तोंडाने नाही, बोटांनी. दर रविवारी पाच-सहा वेळा.

हंगाम पाच शर्यतींचा. इफ्रानला घिता चौथी आली आणि इत्तो पहिली. इम्मूझरला घिता तिसरी. खेनिफ्राला दुसरी, इत्तोच्या मागे जेमतेम वीतभर. प्रत्येक वेळी शेवटच्या रेषेपलीकडे दा बास्सू आधी घिताकडे लंगडत जायचा, मग इत्तोकडे. "पहिलीला काय विचारायचं, ती पहिलीच आहे," असं म्हणायचा. लोक हसायचे. इत्तोही हसायची, आणि घरी येऊन भांडी आपटायची.

"जिंकून आलीस की कोणाला गाडून?" हद्दूने एकदा विचारलं. तो गावच्या भट्टीवर लोकांची भाकरी भाजून द्यायचा आणि अख्ख्या गावाचे चेहरे ओळखायचा. "त्या डॉक्टरणीचं नाव काढलं की तुझ्या कानशिलावर लाह्या भाजता येतील."

"मी तिचं नाव काढलंच नाही."

"तेच म्हणतोय. चार महिन्यांत एकदा नाही काढलंस."

मिदेल्तला, सप्टेंबरात, घिता पहिली आली. इत्तो दुसरी. त्या दुसरेपणाची चव तिला ओळखीची होती, जुन्या तेलासारखी. शेवटच्या शर्यतीला बाकी चारींहून जास्त गुण असतात, म्हणून हिशेब साधा झाला: शेवटच्या शर्यतीत जी पुढे, जर्सी तिची. आणि शेवटची शर्यत अझरूत होती, घरच्या वाटेवर, चार फेऱ्या.

इत्तोने मनाशी जुळणी केली. घिता प्रत्येक चढावर आठ-दहा सेकंद काढेल. काढू दे. उतारावर त्यातले थोडे परत आणीन, आणि दाढेपाशी ती ब्रेक दाबेल तेव्हा उरलेले. हे मनात मांडताना तिला लाज वाटली का? वाटली. साखर विरघळते तितका वेळ.

ऑक्टोबरातला तो मंगळवारच्या बाजारासारखा गर्दीचा रविवार. वाटेच्या दोरीला टेकून बायका, म्हातारे, पोस्टातला साहेबसुद्धा. झाडांवरची माकडं खालच्या पिशव्यांवर डोळा ठेवून. दा बास्सू आपल्या नेहमीच्या जागी, बरोबर दाढेपाशी, हातात घड्याळ.

पहिल्या फेरीत घिता चढावर पुढे गेली. इत्तोने जाऊ दिली. उतारावर तिने मुळं अशी उडवली की बघणारे दोरीपासून मागे सरले. खाली येईस्तोवर घिताचं मागचं चाक तिच्यापासून दोन सायकलींवर होतं. समोर दाढ. इत्तो वाट बघत होती, आता मंदावेल.

चाक मंदावलं नाही. घिता दाढेला उजवीकडून घासून सुटली आणि चाळीस पावलांचा चढ पॅडल न मारता चढून झाडांत दिसेनाशी झाली.

आणि इत्तोच्या बोटांनी ब्रेक दाबला.

तिने दाबला नाही, बोटांनी दाबला. वेग मेला. गियर खटाखट उतरले. ती चाळीस पावलं ओढत वर गेली आणि तिला काही समजेना. नऊ वर्षं ह्या दगडापाशी तिने शर्यतीत ब्रेक दाबला नव्हता. पण मार्चपासून ही वाट तिने घिताबरोबरच उतरली होती, एकटी एकदाही नाही. इतर दिवशी पोस्ट आणि डांबरी घाट.

दुसऱ्या फेरीला तिने आधीपासून बजावलं. दाबायचा नाही. बोटं दगड दिसायच्याही आधी आवळली. तिसऱ्या फेरीला ती स्वतःच्या हातावर ओरडली, "सोड," आणि दोरीजवळच्या एका म्हाताऱ्याने घाबरून दोरी सोडली. चौथ्या फेरीला तिने बोटं ब्रेकवरून उचललीच, मूठ घट्ट केली. तर अंग आपणहून मागे ओढलं गेलं, चाक दाढेच्या टोकाला लागलं आणि तिला पाय टेकावा लागला. दा बास्सूपासून हातभर अंतरावर. तो घड्याळाकडे बघत नव्हता. तिच्या हाताकडे बघत होता.

घिता एकोणतीस सेकंदांनी जिंकली.

गर्दी पांगल्यावर दा बास्सू लंगडत इत्तोपाशी आला.

"तीन फेऱ्या ब्रेक, चौथ्यांदा पाय."

"हो."

"ह्या जागी तू कधी दाबत नाहीस."

इत्तोने हात मागे घेतला.

"कधीपासून?"

"मार्चपासून."

दा बास्सूने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "म्हणजे शिकवलंस तिला, शिकला तुझा हात," तो म्हणाला. "बरा विद्यार्थी मिळाला." आणि निघून गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घिता हिरव्या जर्सीत आली, हातात पुदिन्याच्या चहाचे दोन पेले. एक इत्तोसमोर धरला.

"तुला कधी कळलं?" इत्तोने विचारलं. पेला घेतला नाही.

"जूनमध्ये. तुम्ही भावाच्या लग्नाला गेला होतात, मी एकटीच आले होते. समोर तुमचं चाक नव्हतं, मी ब्रेक दाबायचं विसरले. बघते तर वर."

"आणि बोलली नाहीस. त्यानंतर चार महिने माझ्या मागे दाबत राहिलीस."

"तुमच्या मागे दाबायची. बुधवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा एकटी यायची, तेव्हा सोडायची." घिताने पेला दगडावर ठेवला. "बोलले असते तर तुम्ही शिकवणं बंद केलं असतंत. बाकीचा उतार खरा होता ना, लल्ला."

"राग नाही आला?"

"आला की. पण मला उतार हवा होता."

बुधवार. इत्तोला तर मधला एकही दिवस मोकळा नसायचा, पोस्ट शनिवारीसुद्धा उघडं. इत्तोला वाटलं, हिने एक थोबाडीत दिली असती तर हिशेब मिटला असता. साली राग आला तरी त्याच्याकडून काम करून घेते. आता इत्तोला त्याचाही हेवा वाटला.

पुढच्या रविवारी ती उजाडताच दाढेवर गेली. सात वेळा उतरली. सातही वेळा बोटांनी ब्रेक दाबला. आठव्यांदा वर चढून आली तर घिता उभी. अंगात जुनं राखाडी जॅकेट, जर्सी नव्हती. तेवढी अक्कल होती.

"दा बास्सूंनी पाठवलं," घिता म्हणाली. "म्हणाले, हात जसा बिघडला तसाच दुरुस्त होईल. माझ्या मागे या. चाकावर नजर ठेवा."

इत्तोच्या तोंडाशी नकार आला होता. मग घरातला तो खिळा आठवला. हद्दूने त्याला आता पिठाची चाळणी लटकवली होती.

"एक सायकलभर अंतर," ती म्हणाली. "मला शिकवू नकोस."

दोघी सुटल्या. इत्तोची नजर घिताच्या मागल्या चाकावर खिळली होती आणि पहिल्या वळणापासून ती एकच गोष्ट शोधत होती: ही कुठे खोटं बोलते. मुळांवर दाबेल. नाही दाबला. भुसभुशीत मातीत मुद्दाम चुकीच्या बाजूने जाईल. गेली नाही. शेवटी दाढ आली, चाक न मंदावता तिला घासून पुढे गेलं आणि शोधण्याच्या नादात इत्तोची बोटं ब्रेकवर नुसती पडून राहिली. चाळीस पावलांचा चढ फुकट मिळाला.

"सुटलं," वर थांबलेली घिता म्हणाली.

अख्ख्या उतारात इत्तोला एक खोट सापडली नव्हती, आणि ती पुन्हा जळत होती, फेब्रुवारीतल्यासारखीच. तिने सायकल वळवली.

"परत," ती म्हणाली. "चल, पुढे हो."