पाथरवटाचा निकाल

बाबा लाद्यांच्या कारखान्यात झिलईच्या विभागात होते. झिलईची भुकटी पिठाहून बारीक, हवेत तरंगते आणि दिसत नाही. फुप्फुसात गेली की तिथेच बसते आणि पुढची कित्येक वर्षं काही कळू देत नाही. हे मला विज्ञानाच्या शिक्षणामुळे ठाऊक होतं. कोर्टालाही ठाऊक होतं, पण कोर्टाला एक पाथरवट आडवा येत होता.

हा पाथरवट फार पूर्वी कोर्टात आला आणि हरला. भरपाईचा दावा तीन वर्षांत लावायचा असतो. ती तीन वर्षं धूळ छातीत शिरल्यापासून मोजायची, असं तेव्हाच्या न्यायमूर्तींनी ठरवलं. म्हणजे आजार कळायच्या आधीच मुदत संपलेली. पुढच्या प्रत्येक न्यायमूर्तीने हे अन्यायाचं आहे असं लिहिलं, आणि ते बदलणं विधिमंडळाचं काम आहे असंही लिहिलं. विधिमंडळात मंत्री दर वेळी सांगत, विषय न्यायालयापुढे आहे.

"आपल्या घरात कचऱ्याची बादली अशीच भरून राहते," बाबा म्हणत.

बाबांनाही तोच आजार निघाला आणि त्यांनी कारखान्यावर दावा लावला. ते उशिरा आले, असं कारखान्याचं म्हणणं. तेच त्यांना झोंबलं होतं. आपलं म्हणणं कोर्टानं एकदा त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावं, बोलण्याइतका श्वास उरलाय तोवर, एवढीच त्यांची मागणी होती.

त्यांची वकील म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. प्रयोगशाळेत जुना निष्कर्ष चुकीचा निघाला तर टाकून देतात. आत्याच्या धंद्यात त्याला वळसा घालतात. तिनं घातला: पाथरवटाला त्याची धूळ डोळ्यांनी दिसत होती, माझ्या अशिलाला दिसत नव्हती, म्हणून तो निकाल याला लागू नाही. खालच्या कोर्टानं ते मानलं. बाबांची मुदत त्रास सुरू झाल्यापासून मोजायची, असं ठरलं. आत्याच्या उभ्या वकिलीत निकालांच्या पुस्तकात छापून आलेला हा एकच निकाल. दुसरे वकील तो वापरू लागले.

कारखाना अपिलात गेला. खोकला तर जुनाच आहे, मग त्रास तेव्हाच सुरू झाला, असा त्यांचा मुद्दा. खोकला जुना होता, आणि बाबांनी तो कधी लपवला नव्हता.

अपील पडून राहिलं. तेवढ्यात विधिमंडळाला जाग आली. नवा कायदा झाला: पाथरवटाच्या निकालामुळे ज्यांचे दावे अडले, त्यांची मुदत डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यापासून मोजावी. बाबांना नाव कळलं त्याच वर्षी आम्ही दावा लावला होता.

मी धावत आत्याच्या ऑफिसात गेले. ती फायलींच्या ढिगामागे, पाय स्टुलावर टाकून बसली होती.

"कायदा वाचला मी," ती म्हणाली. "चांगला आहे. आपल्याला नाही."

"का?"

"पाथरवटाचा निकाल ज्यांना लागू, त्यांच्यासाठी आहे तो. तुझ्या बापाला लागू नाही."

"कोण म्हणतं?"

"मी. घसा फोडून."

"मग आता लागू आहे म्हण."

"म्हणजे माझाच निकाल चुकीचा ठरवा, असं मीच सांगू?"

"तुझ्या निकालावर विसंबलेल्यांचं काय होईल?"

"त्यांना नवा कायदा मिळेल. बरंच होईल त्यांचं." तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "फक्त माझा निकाल जाईल."

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. "ताई, राहू दे. छापलंय तुझं नाव."

"छापलंय ते काय चाटायचंय? तू बोलू नकोस, दम लागतो."

वरच्या कोर्टात न्यायमूर्तींनी कागद उलटसुलट केले. "बाई, हा निकाल तुम्हीच मिळवलात ना?"

"होय, साहेब."

"आणि तो चुकीचा आहे?"

"होय."

"तुम्ही फार पटवून सांगितलंत, असं यात लिहिलंय."

कारखान्याचा वकील हसला. आत्या म्हणाली, "तेव्हा दुसरी वाट नव्हती. धूळ दिसते की नाही, यानं फुप्फुसाला फरक पडत नाही." हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा तिनं मला गप्प बसवलं होतं.

तिचा निकाल रद्द झाला. नवा कायदा बाबांना लागू झाला. दावा मुदतीत आहे, खालच्या कोर्टानं तो चालवावा, असा हुकूम झाला.

बाहेर बाकावर बाबांनी आत्याला विचारलं, "म्हणजे मी उशिरा आलो नव्हतो?"

"नव्हतास."

"मग आता?"

"आता दावा सुरू होईल."

"सुरू? मग इतकी वर्षं काय चाललं होतं?"

"दाराशी भांडण." आत्यानं चपला काढून पाय मोकळे केले होते.

बाबा हसले, मग बराच वेळ खोकत राहिले. "मला कधी बोलू देतील?"

"रीतीनं गेलं तर पुढच्या वर्षी. आजारी माणसाची साक्ष आधी घेतात, पण अर्ज करावा लागतो."

"कर मग."

"आज?"

"आज. उद्या आणखी कोणी कायदा सुधारला म्हणजे?"

आत्यानं पायानंच चपला जवळ ओढल्या, त्या घातल्या आणि खालच्या कोर्टाच्या दिशेनं चालू लागली.