केबिनचा गाडा आणि ऑर्डीनचा कोबा

आमच्या गावात कुणाची चूक दिसली की माणसं हवामानाविषयी बोलू लागतात. चूक फारच मोठी असली तर "वेगळं आहे हं," एवढं म्हणतात आणि कॉफीचा दुसरा कप मागतात. माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, आग विझवायच्या जुन्या बंबाच्या केबिनसाठी गाडा बांधायला घेतला त्या हिवाळ्यात आमच्या वर्कशॉपमध्ये कॉफी फार संपली.

बंब गावाचा. एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा ट्रक, पाठीवर पाण्याची टाकी. कित्येक वर्षं तो धान्याच्या कोठारामागे गंजत उभा होता. जुलैत मिनेसोटातल्या आमच्या या गावाला सव्वाशे वर्षं पूर्ण होणार होती. मिरवणुकीत बंब सगळ्यांत पुढे चालेल आणि त्यात ऑर्डीन क्वाले बसतील, असं चर्चच्या तळघरात ठरलं. त्या बंबावर आग विझवलेल्यांपैकी आता एकटे ऑर्डीन हयात आहेत, वय चौऱ्याऐंशी. "जुलैपर्यंत बंब उभा करतो," असं व्हर्लिन सगळ्यांदेखत बोलून बसला. आमच्याकडे तळघरात दिलेला शब्द वर वेदीसमोर दिलेल्या शब्दापेक्षा जड असतो. तळघरात जेवण असल्यामुळे तिथे हजेरी जास्त असते.

केबिन ट्रकच्या सांगाड्यावरून उतरवली. तिचा खालचा पत्रा आणि दोन्ही दारांखालच्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या. त्या कापून नव्या बसवायच्या, आणि तोवर केबिनला खालून आधार द्यायचा. तो आधार इकडून तिकडे ढकलता आला पाहिजे, म्हणून गाडा. लोखंडी पाइपांची चौकट, चार कोपऱ्यांना फिरती चाकं, केबिनचे बोल्ट आवळायला चार कान. यात अवघड काही नाही. एकच पथ्य पाळायचं असतं, चौकट सपाट हवी. खालचा पत्रा कापला की केबिनला स्वतःचा ताठपणा उरत नाही. चौकट जशी असेल तशी ती बसते, आणि नव्या पट्ट्या वेल्ड झाल्या की कायमची तशीच राहते.

आमच्या वर्कशॉपचा कोबा सपाट नाही. तो ऑर्डीननी घातलेला आहे.

वीस वर्षांपूर्वी वादळात आमची शेड पडली, तेव्हा न बोलावता ते आले आणि अख्खा कोबा स्वतः घालून गेले. एक पैसा घेतला नाही. उत्तरेकडचा कोपरा तेव्हाच खाली गेला. हे व्हर्लिनला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, चर्चच्या पाद्रीबाईंनाही ठाऊक आहे. बोललेलं कुणी नाही. ऑर्डीन मात्र रोज सकाळी येतात, उलट्या बादलीवर बसतात, आणि काम करणाऱ्याला काम कसं करायचं ते सांगतात.

सपाटी तपासायची पाणसळ भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. पण ऑर्डीनसमोर ती काढून कोब्यावर ठेवायची म्हणजे ज्याने घरी जेवायला बोलावलं त्याच्यासमोर ताट हुंगून बघण्यासारखं झालं असतं. व्हर्लिनने पाइप थेट जमिनीवर मांडले.

"कोब्यावरच जुळवतोयस ना?" ऑर्डीननी विचारलं.

"मग काय तर! एवढा कोबा असताना टेबल कशाला मांडायचं?"

"हेच म्हणतो मी. हल्लीच्या पोरांना प्रत्येक गोष्टीला टेबल लागतं." व्हर्लिन तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता.

एक पाइप उत्तरेच्या बाजूला अधांतरी राहत होता. व्हर्लिनने त्यावर गुडघा ठेवला, दाबून कोब्याला टेकवला आणि तसाच वेल्ड केला. कोब्याचा आकार चौकटीने जसाच्या तसा घेतला. इतका अचूक ठसा मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता, आणि मी शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे.

दुपारी ड्युएन आला. हा आमच्या अग्निशामक पथकाचा प्रमुख आणि व्हर्लिनचा मित्र. वाकून, एक डोळा मिटून त्याने चौकटीच्या कडेवरून नजर टाकली. बराच वेळ तसाच राहिला.

"वेगळं आहे हं," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वारा वायव्येचा दिसतोय."

"वायव्येचाच," व्हर्लिन म्हणाला.

ऑर्डीन एका दफनविधीला गेले होते त्या दिवशी मी पारदर्शक नळीत पाणी भरून कोबा मोजला. उत्तरेचा कोपरा एक इंच खाली होता. जेवताना व्हर्लिनला सांगितलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"मग त्यांना सांग ना."

"काय सांगू? बायको गेल्यापासून तो माणूस रोज सकाळी इथे येतोय, मार्लिस. तुमचा कोबा वाकडा म्हटलं की उद्या येईल का तो? उद्या घरी बसून काय करेल?"

मी त्याला बटाटे वाढले.

मे महिन्यात खालचा पत्रा बसला, पट्ट्यांना वेल्डिंगचे तात्पुरते टाके पडले, आणि दारं लावायची वेळ आली. डावं दार नीट लागलं. उजवं लागेना. त्याचा खालचा कोपरा दोन बोटं बाहेर राहत होता. मिरवणुकीत ऑर्डीन बसणार ते नेमके त्याच बाजूला.

"बिजागरी," ऑर्डीन म्हणाले.

"बिजागरीच असणार," ड्युएन म्हणाला.

पुढचा आठवडाभर तीन मोठी माणसं एका निरपराध बिजागरीच्या मागे लागली. ती काढली, घासली, वाकवली, तापवली, दुसरी आणली. दार तसंच. या आठवड्यात कुणीही चुकून खाली पाहिलं नाही.

"जाऊ दे रे," शेवटी ऑर्डीन म्हणाले. "दोरीने बांधा. मी धरून बसेन. पूर्वी मागच्या फळीवर उभा राहून जात होतो मी, हिमवादळात."

ते घरी गेल्यावर ड्युएन व्हर्लिनला म्हणाला, "पडले तरी हरकत नाही म्हणा. बंबाच्या मागे आपली अँब्युलन्सच आहे."

"ड्युएन!"

"मग करायचं काय? गाड्याचा एक पाय इंचभर उचलायचा, उजव्या पट्टीचे टाके कापायचे, दार लावून घ्यायचं, पुन्हा टाके मारायचे. एका दिवसाचं काम. पण तो दिवस ते बादलीवर बसलेले नकोत."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कोबा वाकडा आहे एवढं एक वाक्य एका माणसाला सांगणं टाळण्यासाठी गावाच्या अग्निशामक पथकाने आखलेल्या मोहिमेत मी अशी सामील झाले. शनिवारी पलीकडच्या जिल्ह्यात एका शेतावर जुन्या अवजारांचा लिलाव होता. मी ऑर्डीनना म्हटलं, मला चांगलं खोरं घ्यायचं आहे, मला त्यातलं कळत नाही, चला ना. हे पूर्ण खोटं होतं. माझ्याकडे तीन खोरी आहेत.

ते टाय लावून आले.

लिलावात आम्ही सकाळभर हिंडलो. त्यांनी प्रत्येक नांगराची चौकशी केली, मला दोन खोरी नाकारायला लावली, एक घ्यायला लावलं. जेवणानंतर लिलाववाल्यांनी शेडमागून एक काँक्रीटचा मिक्सर ओढत आणला. नारिंगी, गाडीच्या मागे जोडायचा, चाकं नवीन. ऑर्डीन माझ्याकडे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले,

"पोरी, एक विचारू? तू शास्त्र शिकवलंयस, उगाच गोड बोलायची नाहीस."

"विचारा ना."

"व्हर्लिनचा कोबा. नीट आहे ना तो? कधी कधी वाटतं, घाईत घातला. कुणी काही बोललं नाही, पण आपली माणसं तशी बोलतात कुठे!"

बोली सुरू झाली होती. त्यांचा नंबराचा पुठ्ठा मांडीवर होता. आकडा मला अचूक माहीत होता, आणि तो विचारणारा माणूस वीस वर्षांत प्रथमच विचारत होता. याहून चांगली संधी कुठल्याही निरीक्षकाला मिळत नाही. मी त्यांच्या टायकडे पाहिलं.

"पाणी फार छान निघून जातं," मी म्हणाले.

हे विधान शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे.

"हो ना?" त्यांचा चेहरा उजळला. "तो उतार मी मुद्दामच ठेवला असणार." आणि त्यांनी पुठ्ठा वर केला. बाकीचे सगळे बोली लावायचे थांबेपर्यंत तो खाली केलाच नाही, आणि मिक्सर त्यांनाच मिळाला.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा व्हर्लिन आणि ड्युएन हात पुसत उभे होते. गाड्याच्या उत्तरेकडच्या पायाखाली एक जाडजूड स्क्रू जॅक आला होता. ऑर्डीननी त्याच्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"शोभेला," ड्युएन म्हणाला. तो तणावात नीट बोलू शकत नाही.

ऑर्डीन शिडीवरून केबिनमध्ये चढले, उजव्या बाजूला बसले आणि दार ओढलं. थप्प असा एकच आवाज झाला. त्यांनी ते उघडलं, पुन्हा लावलं. काच नसलेल्या खिडकीतून कोपर बाहेर काढून ते काही वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसले, भिंतीपलीकडे रस्ता असल्यासारखे.

"बिजागरीच होती ना?"

"बिजागरीच," व्हर्लिन म्हणाला.

"चांगलं काम केलंत रे पोरांनो." ते खाली उतरले. "म्हणूनच म्हणतो, हा बंब आता परत खडीवर उभा करायचा नाही. अग्निशामक केंद्राला कोबा हवा. मार्लिसशी बोललो मी, इथल्या कोब्यावरून पाणी फार छान निघून जातं म्हणाली. पुढच्या महिन्यात मी घालतो, सगळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिक्सरसुद्धा आणलाय."

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. ड्युएनने माझ्याकडे पाहिलं. केंद्र त्याच्याच ताब्यात होतं, 'नको' म्हणायचा अधिकारही त्याचाच होता.

"वा," ड्युएन म्हणाला. "मग आम्ही सगळे येऊ मदतीला."

मिक्सर गाडीपासून सोडवून आत ढकलला. व्हर्लिनने हात काढला तसा तो क्षणभर थांबला, आणि मग आपणहून, अगदी सावकाश, उत्तरेच्या कोपऱ्याकडे निघाला. आम्ही चौघंही बघत राहिलो. तो भिंतीला जाऊन हलकेच टेकला.

"बघा," ऑर्डीन अभिमानाने म्हणाले, "हात न लावता चालतो."

आम्ही तिघांनी चाकांची फार स्तुती केली.