खोडलेलं सातवं पान

मित्रांनो, वंशावळ शोधायला शिकवणारी मी एक जुनी फाइल आहे. पुठ्ठा झिजलाय, नाडी दोनदा बदललीय, पण पोटातली चाळीस पानं शाबूत आहेत.

नोंदणी कार्यालयातल्या एका कारकुनानं मला घडवलं. एका बेकरीवाल्याच्या घराण्याचा माग काढताना तो करी ते सगळं माझ्यात लिही. सातव्या पानावर त्यानं बेकरीवाल्याला दोन वर्षांचा असतानाच मारून टाकलं आणि अकराव्या पानावर हा गृहस्थ लग्नाला उभा! शेवटी उलगडा झाला. थोरलं मूल दगावल्यावर आईबापांनी त्याचंच नाव पाठच्याला ठेवलं होतं. कारकुनानं सातवं पान खोडलं, पण फाडलं नाही. "माझी फजिती कुणाच्या तरी उपयोगी पडू दे," म्हणाला.

शिकणारे तेव्हा माझ्यासाठी ताटकळत बसत. पुढे गुळगुळीत छापील नमुने आले. त्यांत कुणी कधी चुकतच नसे. कार्यालयात वंशावळीचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी मला खिडकीच्या फटीत खोचलं, ती आपटू नये म्हणून. तीही नोकरीच म्हणायची.

एका दुपारी वर्गात नव्यानं शिकणारी, शिवणकाम करणारी एक बाई म्हाताऱ्या आईला घेऊन आली. लहानपणी नातेवाइकांकडे धाडलेली थोरली बहीण आईला शोधायची होती.

"आई, नोंद बघ. मावशी दोन वर्षांची असतानाच गेली. तुझ्या जन्माआधी."

"मग माझ्या वेण्या कोण घालायचं गं?"

"भास असेल तुझा."



मुलीनं सगळे छापील नमुने चाळले. सगळे सरळसोट, तिच्या कोड्याला जवळचा एकही नाही. उकडायला लागलं म्हणून तिनं खिडकी ढकलली, तशी मी तिच्या पायाशी पडले. तिनं सातवं पान वाचलं, मग अकरावं.

"बाई, जन्मांचं पुढचं रजिस्टर द्याल का?"

तीन वर्षांनंतरची नोंद निघाली: तेच आईबाप, मुलीचं तेच नाव. त्या नावावरून लग्नाची नोंद, आणि तिच्यावरून पत्ता.

महिन्याभरानं तिघी आल्या. थोरलीनं बसल्याबसल्या धाकटीची सुटलेली वेणी घालायला घेतली.

"हलू नकोस. अजून नीट बसता येत नाही तुला."

तेव्हा मित्रांनो, चुकलेलं पान फाडू नका. खोडताना एकच बारीक रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे.