धुराड्यावरचा करकोचा

"बुवा, यंत्र चालू असताना धुराड्यावरचा करकोचा भाजत कसा नाही?"

विचारलं एकदाचं. मी तोंडच उघडणार नाही, अशी ओआना आणि रोझालिया या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती.

कित्येक वर्षं बंद पडलेल्या आमच्या गॅसच्या वीजकेंद्राच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. आत यंत्र घोंगावत होतं, दारावर दिव्यांच्या माळा लखलखत होत्या. ते पुन्हा सुरू करणारे पाफनुतीबुवा सांगत होते, गॅस नको की कोळसा नको, मंतरलेलं पाणी आत आपोआप पेट घेतं. गावानं फक्त घरातल्या शेगड्या श्रद्धेनं अर्पण करायच्या, हिवाळ्यात पुण्याची वीज घरोघरी ऊब देईल. शेगड्यांनी भरलेला बुवांचा ट्रक रोज बुखारेस्टकडे जायचा. उद्या आमची पाळी. माझा धाकटा भाऊ सांदू दर थंडीत छातीनं आजारी पडतो, हे मात्र बुवांच्या गणितात नव्हतं.

बुवा गोड हसले. "बाळ, पवित्र अग्नी निष्पाप पाखराला जाळत नाही. चटका बसतो तो पाप्याला."

लोकांनी तीन-तीनदा छातीवर क्रुसाची खूण केली.

"मग मला बसतो का बघते," म्हणत मी धुराड्याची शिडी चढले.

"उतर गं येडे," खालून ओआना. "जिंकलीस पैज, उतर आता."

पत्र्याला तळहात लावला. गार. धुराड्याच्या तोंडातून वारा सुटला होता, करकोच्याची पिसं हलत होती, पण तो वाराही जेमतेम कोमट. खाली उतरून मी गर्दीतल्या बाबाला गाठलं. केंद्र बंद पडेपर्यंत तो याच यंत्रावर होता.

"बाबा, तुझ्या वेळी हे धुराडं किती तापायचं?"

"पाचशे अंश," तो बुटांकडे बघत म्हणाला.

पुढचं गर्दीला मीच सांगितलं. लहानपणी बाबानं मामालिगाच्या, मक्याच्या घट्ट लापशीच्या, ताटात चमचे मांडून शिकवलेलं. पुढची पाती हवा ओढून दाबतात, त्या हवेत गॅस जळतो, भडकलेला वायू मागची पाती फिरवतो. निम्म्याहून जास्त ताकद हवा दाबण्यातच जाते, उरलेली जनित्र फिरवते. मग जाळच नसेल तर फिरवतंय कोण? यंत्र सुरू करताना जनित्रालाच बाहेरची वीज देतात, ते मोटर होऊन पाती फिरवतं. बुवा रोज फक्त सुरुवातच करतात.

"खोटं वाटतं? हा दारातला खटका यंत्राला वीज देतो." आणि ओढला.

घोंगावणं उतरत उतरत विरलं. पाती थांबली. दिवे मात्र तसेच जळत राहिले, आपण बिल भरतो त्याच तारेवर.

मला वाटलं, जिंकले.

मग शेजारच्या फिरुत्सा आजीला हुंदका फुटला. "यंत्र थांबलं तरी दिवे चालू. केवढी ही शक्ती गं बाई."

अंगणातली माणसं गुडघ्यांवर बसली. खुद्द बुवांनीही आधी वळून दिव्यांकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात उंचावले, आणि संध्याकाळी आणखी एक ट्रक मागवला.

घरी आल्यावर मी बाबाला विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"पहिल्याच दिवशी. जाळ असला की आवाज भरदार लागतो." तो बूट काढायला वाकला. "पण इतक्या वर्षांनी ते फिरताना ऐकलं गं. गप्प राहावंसं वाटलं."

"सगळ्यांनी शेगड्या दिल्या," आई म्हणाली. "आपण एकट्यांनी नाही दिली, तर उद्या गावात तोंड कसं दाखवायचं?"

वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी हात लावून बघा. गरम आहे की गार, एवढं तरी कळतं. आमच्या गावानं लावला नाही. यापुढे लावेल, असंही मला वाटत नाही.

मी शेगडीपुढे सतरंजी टाकली आणि बसले.

"आई, बाबा, उद्या ट्रक आला तरी मी इथून उठणार नाही. शेगडी न्यायचीच तर मलाही उचलून न्यावं लागेल. आणि हिवाळ्यात फिरुत्सा आजी कुडकुडत दाराशी आली, तर दार मी उघडणार. तुम्ही काहीही म्हणा."